माउंडवाल्याचे मत

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी कोच रस्कने कॉलेजात नव्याने आलेल्या खेळाडूंच्या आईबापांना व्यायामशाळेत बोलावले, लोखंडी खुर्च्यांवर बसवले आणि पाच मिनिटांत सगळ्यांचा निकाल लावला.

"आजपासून तुम्ही प्रेक्षक," तो म्हणाला. "मला फोन करायचा नाही, पत्र पाठवायचं नाही, आमचा पोरगा बसून का आहे ते विचारायचं नाही. सराव बंद दाराआड होईल. सप्टेंबरात एक शनिवार आणि ऑक्टोबरात एक, असे दोन दिवस कुंपणाबाहेर बसून बघा. आणि राग मानू नका, पण मी कुणाच्या आईबापाचं तोंड लक्षात ठेवत नाही. ठेवलं की निवड बिघडते."

मग त्याने मुद्द्याची गोष्ट सांगितली. बेसबॉलच्या संघात पोरे होती शेहेचाळीस आणि जागा चौतीस. हिवाळ्याआधीच्या या अडीच महिन्यांत एकही सामना धरला जाणार नव्हता, धावफलकसुद्धा लागणार नव्हता. पोरे आपापसातच खेळणार, आणि नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी प्रत्येकाला कोचच्या खोलीत पाच मिनिटे मिळणार. त्या पाच मिनिटांत बारा जणांचे बेसबॉल जन्माचे संपणार होते. एवढे सांगून कोचने सगळ्यांना सरबत आणि बिस्किटे घेऊन जाण्याचा आग्रह केला.

तिसऱ्या रांगेतल्या वेंडेल स्वोबोदाला 'पत्र पाठवायचं नाही' हे ऐकूनच घाम फुटला होता. त्याचे पत्र जुलैतच गेले होते. अकरा पानी. त्यात त्याचा मुलगा गॅरेट सहा वर्षांचा असल्यापासून कुठे, किती आणि कुणाकुणाला बाद करत आला याची साग्रसंगीत हकिकत होती.

"तू पाठवलंस ना?" त्याच्या बायकोने, नोरीनने, हळूच विचारले.

"नियम आत्ता कळला."

"नियमाशिवायही कळायला हवं होतं ते."

वेंडेल नेब्रास्कातल्या एका लहान गावात टपाल वाटायचा. मक्याच्या शेतांमधली घरे पालथी घालून तो दुपारी बाराला मोकळा व्हायचा. बारा वर्षे या मोकळ्या दुपारी त्याने मागच्या अंगणात उलट्या बादलीवर बसून काढल्या होत्या. समोरून गॅरेटने चेंडू टाकायचा, याने झेलायचा. त्यात त्याचे दोन्ही गुडघे गेले आणि डाव्या हाताचे एक बोट कायमचे वाकडे झाले. चेंडू कुठेही पडो, वेंडेलच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "झकास." एकदा चेंडू शेजाऱ्याच्या खिडकीची काच फोडून आत गेला, तेव्हासुद्धा तो म्हणाला, "झकास, जोर बघ कसला आहे." गॅरेट वाढता वाढता सहा फूट चार इंच झाला. गावात त्याच्यासारखा चेंडू टाकणारा दुसरा पिचर नव्हता. खरे म्हणजे गावात दुसरा पिचरच नव्हता.

पोराला वसतिगृहात सोडून आल्यावर सोमवारी दुपारी वेंडेल सवयीने अंगणात गेला, बादली उलटी केली आणि तिच्यावर बसला. तासाभराने नोरीनने खिडकीतून हाक मारली.

"कुणाची वाट बघतोयस?"

"कुणाची नाही. हवा खातोय."

"मग आत येऊन जेवण खा."

वेंडेलला रडू येत होते. ते दिसू नये म्हणून त्याने ती बादली घासून लख्ख केली.

सप्टेंबरातला तो पहिला शनिवार उजाडला. नोरीनला चर्चमध्ये कोलाचे नावाचे जर्दाळू भरलेले गोड पाव विकायला बसायचे होते, म्हणून वेंडेल एकटाच निघाला. कॉलेज सत्तर मैलांवर, खेळ एक वाजता, आणि हा अकरालाच कुंपणाशी हजर. मैदानावर चिटपाखरू नव्हते. फाटक उघडे होते. आणि मैदानाच्या मधोमध, ज्या मातीच्या उंचवट्यावर उभे राहून पिचर चेंडू टाकतो त्या माउंडची अवस्था बघून वेंडेल फाटकातच थबकला. वरची माती भुसभुशीत झाली होती आणि पिचरचा पुढचा पाय पडतो तिथे डुकराने उकरावा तसा खड्डा होता. याच खड्ड्यात दोन तासांनी त्याच्या गॅरेटचा पाय पडणार होता.

गावातले मैदान गेली कित्येक वर्षे वेंडेलच राखत होता, त्यामुळे धुमस, दंताळे आणि चिकणमातीचे एक पोते त्याच्या गाडीत कायमचे असे. तो आत शिरला. सुटी माती काढली, पाणी शिंपडले, चिकणमाती भरली आणि धुमसाने ठोकायला लागला. ठोकता ठोकता वेळ कसा गेला ते त्याला कळले नाही. मान वर केली तर समोर कोच रस्क.

"तुम्ही ते नवे का?" कोचने विचारले.

मैदान सांभाळणारा म्हातारा गुडघ्याचे ऑपरेशन करून घरी पडला होता आणि बदली माणूस पाठवतो, असे कॉलेजच्या कचेरीने कोचला महिनाभर सांगत ठेवले होते. वेंडेलला यातले काही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "उं."

त्या भागात माणूस या एका 'उं'वर आयुष्य काढू शकतो. त्याचा अर्थ हो असतो, नाही असतो, हवा बरी आहे असाही असतो. समोरच्याला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणे तिथे शिवीपेक्षा वाईट. कोचने माउंडवर पाय आपटून पाहिला. माती हलली नाही.

"देवा. तो म्हातारा नुसतं पाणी मारून जायचा. नाव काय?"

"वेंडेल."

"सोमवारी दीड वाजता, वेंडेल. ही टोपी घाला, नाहीतर पोरं आत येऊ देणार नाहीत. फार वाईट दिवस आलेत, आईबाप कुंपणावर चढतात."

झाले. कोचला वाटले माणूस कचेरीने पाठवला, कचेरीला वाटले कोचने आपला आपण शोधला, आणि दोघांनाही एक कटकट मिटली म्हणून इतके बरे वाटले की पुढे कुणी चौकशी केली नाही.

त्या दिवशी गॅरेटची पाळी सगळ्यात शेवटी आली. तो माउंडवर चढला तर शेजारी बाप दंताळे घेऊन उभा.

"बाबा?"

"तोंड हलवू नकोस. कोच बघतोय."

"तुम्ही इथे काय करताय?"

"माती सारखी करतोय. हे बघ, पाय इथे टाक. इथे तुझ्यासाठी कडक केलंय."

"घरी जा."

"आत्ता गेलो तर माणूस कुठे गेला म्हणून शोधतील. मग मी कोण ते कळेल. मग नाव तुझंच खराब होईल."

गॅरेटने क्षणभर विचार केला. बापाचे म्हणणे खरे होते, आणि तीच तर पंचाईत होती. त्याने वीस चेंडू टाकले, त्यातले पाच मागच्या जाळीवर जाऊन आदळले. पाचव्या वेळी वेंडेलच्या तोंडून सवयीने शब्द सुटला, "झकास."

कोचने वळून पाहिले. "काही म्हणालात?"

"माती," वेंडेल म्हणाला. "माती झकास बसलीय."

सोमवारपासून टपाल संपले की वेंडेल सत्तर मैल गाडी हाणायचा, साडेपाचपर्यंत माउंड राखायचा आणि सत्तर मैल परत यायचा. नोरीनला त्याने सांगितले की पार्सले वाढली आहेत. मैदानावर त्याच्याकडे कुणी माणूस म्हणून बघत नसे. हातात दंताळे असलेल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, आणि कोच तर फारच बोलायचा. दुसऱ्या आठवड्यात तो हातात कागद फडफडवत वेंडेलजवळ आला.

"हा नमुना बघा. अकरा पानं. तो उंच पोरगा नाही का, स्वोबोदा, त्याच्या बापाचं पत्र. खाली स्वतःचं नाव नाही, नुसतं 'गॅरेटचा बाप'. 'वयाच्या नवव्या वर्षी गॅरेटला ताप असतानाही त्याने सात जण बाद केले.' आणि ताप किती होता तेही लिहिलंय."

"किती होता?" वेंडेल बोलून गेला.

"एकशे एक."

ताप एकशे दोन होता. लिहिताना आपली चूक झाली हे वेंडेलच्या आत्ता लक्षात आले आणि ती सुधारायची त्याला इतकी अनावर ऊर्मी आली की त्याने जीभ दाताखाली धरली.

"असा बाप असला की पोराची वाट लागते," कोच म्हणाला. "कुणी खरं सांगितलेलंच नसतं त्याला. मग ते काम मला करावं लागतं. काय राव, बरोबर की नाही?"

"उं," वेंडेल म्हणाला.

परतीच्या वाटेवर ते बोलणे त्याच्या डोक्यातून जाईना. आपण पोराचे वाटोळे केले की काय, हा विचार त्याला आयुष्यात पहिल्यांदाच शिवला. त्यावर त्याने त्याला सुचण्यासारखा एकच उपाय काढला. दुसऱ्या दिवसापासून तो माउंड गॅरेटच्या मापाने बांधू लागला. गॅरेटची ढांग किती, टाच कुठे टेकते, वजन कुठे येते, सगळे त्याला पाठ होते. नेमकी तेवढी जागा त्याने दगडासारखी केली.

पण गॅरेटची पाळी असायची शेवटी. त्याच्या आधी आठ पिचर त्या कडक मातीवर उभे राहून घेत, आणि पायाखाली भरवसा आल्यावर ते सगळे एकेका आठवड्यात सुधारू लागले. सगळ्यात जास्त सुधारला मॅब्री. हा कॅन्ससचा पोरगा गॅरेटच्याच खोलीत राहायचा. उंचीने बेताचा, अंगाने किडकिडीत, आणि इतका सालस की वेंडेलला त्याचा तिटकारा करायचा होता तोही तीन दिवसांच्या वर जमला नाही.

"काका, तुम्ही आल्यापासून माझा गुडघा दुखायचा थांबला," मॅब्री म्हणायचा आणि कागदी पेल्यातली कॉफी त्याच्या हातात द्यायचा. "खरंच सांगतो, असा माउंड मी कुठे बघितला नाही."

"पी तूच," वेंडेल म्हणायचा, आणि प्यायचा.

रोज माती सारखी करता करता वेंडेलला एक नवीच विद्या आली. प्रत्येक पिचर जाताना मातीत आपली खूण ठेवतो. मॅब्रीचा एकच खड्डा असे, वाटीएवढा. वीस चेंडू टाकले तरी पुढचा पाय त्याच वाटीत. गॅरेटनंतर मात्र कोंबड्यांनी उकरल्यासारखी माती दिसे, एक पाय इथे, एक तिथे, एक भलतीकडेच. पहिल्यांदा वेंडेलने ते बघितले आणि चटकन दंताळे फिरवले. नंतर तो रोजच आधी गॅरेटची माती सारखी करू लागला, कुणी बघायच्या आत.

एका दुपारी तो कोचला सहज म्हणाला की त्या तिसऱ्या वर्षाच्या दांडग्या पोराची टाच मातीत फिरतेय, त्याचा गुडघा जाईल. कोच हसला. चार दिवसांनी डॉक्टरने तोच गुडघा बांधून ठेवला आणि त्याला महिनाभर विश्रांती सांगितली. तेव्हापासून कोच सराव संपला की वेंडेलशेजारी येऊन बसू लागला. हा कसा वाटतो, तो कसा वाटतो. आणि वेंडेल सांगायचा, नेमके सांगायचा, आणि कोच ते लिहून घ्यायचा.

वेंडेलला उभ्या जन्मात कुणी मत विचारले नव्हते. घरी नोरीन सांगायची, टपालात साहेब सांगायचे, आणि तो 'उं' म्हणायचा. आता दुपारी बाराला गाडीत बसताना त्याला शीळ घालावीशी वाटायची. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी गॅरेटने सलग दोन डाव टाकले आणि वेंडेलने ते पाहिलेच नाहीत. तो शेडमागे माती चाळत बसला होता, मॅब्रीला जरा बारीक माती हवी होती म्हणून. बाहेर आल्यावर त्याला ते कळले आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

गॅरेट त्या दिवशी एवढेच बोलला. "आज तुम्ही नव्हतात. बरं वाटलं."

घरी भांडे फुटले ते कपडे धुण्याच्या मशीनमुळे. नोरीनने ते उघडले तर तळाशी दोन बोटे तांबडा गाळ. वेंडेल घरात पाऊल टाकतो तोच ती समोर उभी राहिली.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मातीत राहणारी."

वेंडेलने सगळे सांगितले. अगदी टोपीसकट. नोरीन खुर्चीवर बसली.

"बाई असती तर परवडलं असतं," ती म्हणाली. "निदान तिचा कंटाळा आला असता तुला. गॅरेट काय म्हणतो?"

"बोलत नाही."

"राहील का तो संघात? तू रोज बघतोस ना, सांग."

"झकास चाललंय," वेंडेल म्हणाला. नोरीन मशीनमधला गाळ काढायला उठली. वेंडेल हाताला चिकटलेली माती नखाने काढत राहिला.

दुसऱ्या उघड्या शनिवारी नोरीन गेली आणि नियमाप्रमाणे कुंपणाबाहेर इतर आईबापांत बसली. आत तिचा नवरा गुडघ्यावर बसून हाताने माती थापत होता. शेजारच्या बाईने कौतुकाने मान हलवली.

"किती जीव लावून करतो हो हा माणूस. दिवसभर इथेच असतो म्हणे. घरी कुणी नसेल बहुतेक."

"असेल कुणीतरी बिचारी," नोरीन म्हणाली.

त्या दिवशी गॅरेटने तीन जणांना चार-चार चेंडू भलतीकडे टाकून फुकट पळू दिले. नोरीनने घरी येताना गाडीत तो विषय काढला नाही आणि वेंडेलनेही नाही. सत्तर मैल दोघे हवेबद्दल बोलत होते.

मग तो गुरुवार आला. दुसऱ्या दिवशी पाच-पाच मिनिटे होती. सराव संपला, पोरे गेली. वारा असा की कान गळून पडावेत. वेंडेल दंताळे घ्यायला वळला तर कोच येऊन माउंडच्या कडेला बसला. त्याच्या हातात एक कागद होता आणि तोंडावर आठवडाभराची झोप थकलेली होती.

"तेहेतीस नावं झाली," तो म्हणाला. "एक जागा, दोन पोरं. स्वोबोदा आणि मॅब्री. माझा हात स्वोबोदाकडे जातोय. मॅब्री चांगलाय, पण एवढासा. सहा फूट चार इंच उंची मी कुणाला शिकवू शकत नाही. बाकी सगळं शिकवता येतं. तुम्ही काय म्हणता?"

वेंडेलने टोपी काढून पुन्हा घातली.

"मी काय सांगणार."

"तुम्हीच सांगणार. माझा सहायक कोच मॅब्रीच्या बाजूचा आहे, त्या पोराला त्यानेच आणलंय. मी उंचीला भुलतो, मला माहितीय. या मैदानावर तुम्ही एकटे असे आहात की ज्याचं कुणात काही अडकलेलं नाही."

आता वेंडेलला फार काही करायचे नव्हते. 'उंची ती उंचीच,' एवढे म्हटले असते तरी भागले असते. नुसते 'उं' म्हटले असते तरी कोचने त्याला हवा तो अर्थ काढला असता. बारा वर्षांची बादली, गेलेले गुडघे, वाकडे बोट, सगळे एका हुंकाराने मार्गी लागत होते. पण माती अजून सारखी करायची राहिली होती. शेवटी ते दोघेच चेंडू टाकून गेले होते, आधी मॅब्री, मग गॅरेट, आणि खुणा तशाच होत्या. वेंडेलची नजर तिथे गेली. आणि समोरच्या माणसाने त्याला मत विचारले होते, मनापासून, आणि तो उत्तराची वाट बघत होता.

"स्वोबोदाचा पाय सहा जागी पडतो," वेंडेल म्हणाला. "मॅब्रीचा एका."

बोलून झाल्यावर ते आपणच बोललो हे त्याच्या ध्यानात आले.

"सहा?"

"आज सात."

कोच उठला, वाकला, एकेक खूण बोटाने मोजली. सात भरल्या. त्याने कागद मांडीवर ठेवला आणि पेन काढले.

"पण पोरगा लहान आहे," वेंडेल घाईघाईने म्हणाला. "अठरा म्हणजे काय वय आहे. शिकेल तो."

"बारा वर्षं शिकतोय. त्या पत्रातच लिहिलंय." कोचने एक नाव खोडले. "शिकवणाऱ्याला दिसलं नाही, त्याला पोरगा काय करणार. बरं झालं विचारलं तुम्हाला. मी चुकलो असतो."

वेंडेलने तोंड उघडले. 'तो माझा मुलगा आहे,' हे वाक्य त्याच्या जिभेवर आले होते. पण ते म्हणायचे तर दोन महिने आपण या माणसाला फसवले हेही म्हणावे लागले असते, आणि खुणा तर तरीही सातच राहिल्या असत्या. त्याच्या तोंडून "उं" एवढेच आले. कोच त्याच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

घरी नोरीनने विचारले तेव्हा तो म्हणाला, उद्या कळेल. त्याला जेवण गेले नाही.

शुक्रवारी जायची गरज नव्हती, पण हिवाळ्यासाठी माउंडवर ताडपत्री घालायची होती, आणि घरी बसवेनाही. सकाळपासून पोरे एकेक करून कोचच्या खोलीत जात होती. बाहेर पडल्यावर काही जण फोनवर बोलत हसत जायचे. काही जण खांद्याला पिशव्या अडकवून सरळ गाड्यांकडे चालू लागायचे, आणि तिथे थांबलेला बाप काही न विचारता मागचे दार उघडायचा. वेंडेल वाळूच्या पिशव्या इकडच्या तिकडे करत होता.

मॅब्री धावत आला. "काका, राहिलो." त्याने वेंडेलला मिठीच मारली.

"झकास," वेंडेल म्हणाला. ते त्याला खरेच वाटत होते, आणि खरे वाटतेय म्हणूनच त्याला आतून कसेतरी झाले.

वीस मिनिटांनी गॅरेट आला. डोक्यावर संघाची टोपी नव्हती. तो माउंडच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

वेंडेलने मान खाली घातली.

"म्हणाला, एकच जागा होती. म्हणाला, मी तुलाच घेणार होतो. पण माउंडवाल्याने सांगितलं की तुझा पाय सात जागी पडतो, आणि हा माणूस कधी चुकत नाही."

"गॅरेट—"

"मग मी सांगितलं, तो माउंडवाला माझा बाप आहे."

वेंडेलने हातातली वाळूची पिशवी खाली ठेवली. "मग?"

"कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, मग तर शंकाच मिटली."

वाऱ्याने ताडपत्रीचे एक टोक उचलले. गॅरेटने त्यावर पाय ठेवला.

"खरं आहे का ते? सात?"

"सात."

"मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?"

"मला ठाऊकच नव्हतं रे," वेंडेल म्हणाला. "मी समोर बसायचो. समोरून फक्त येणारा चेंडू दिसतो. तुझे पाय मी इथे आल्यावर पहिल्यांदा बघितले."

ताडपत्रीचे दुसरे टोक गॅरेटने धरले आणि ओढले. दोघांनी मिळून ती नीट पसरली आणि कडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या. एक पिशवी उचलताना वेंडेलचा गुडघा अडकला, तेव्हा गॅरेटने ती त्याच्या हातातून काढून घेतली. सगळे झाल्यावर त्याने खिशातून एक किल्ली काढून बापाच्या हातावर ठेवली.

"शेडची आहे. कोचने दिलीय. म्हणाला, बापाबिपाचं मी बघत नाही. फेब्रुवारीच्या एक तारखेला माणूस इथे हवा."

"मी नाही येणार."

"या. नाहीतर मॅब्री पाय मोडून घेईल."

वेंडेलच्या खिशातला फोन वाजला. नोरीन. त्याने फोन बाहेर काढला, त्याकडे पाहिले आणि गॅरेटपुढे धरला.

"तूच सांग तिला. मला नाही जमणार."

गॅरेटने हात पुढे केला नाही. त्याने आपली खेळाची पिशवी खांद्याला अडकवली.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "खरं बोलायला जमतं तुम्हाला आता."

फोन अजून वाजत होता. वेंडेलने तो कानाला लावला.